पीपीएममधला ऑक्सिजन: ॲनालायझर बसवण्यापासून सेल बदलण्यापर्यंत

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, म्हणजे २,०९,००० पीपीएम (दहा लाख भागांत २,०९,००० भाग). वाळूजमधल्या एखाद्या ब्राइट ॲनिलिंगच्या (धातू काळा न पडू देता तापवून मऊ करण्याच्या) भट्टीला जाणाऱ्या नायट्रोजनमध्ये तो १० पीपीएमच्या आत लागतो. म्हणजे सॅम्पलच्या नळीबाहेर आतल्यापेक्षा सुमारे २१ हजार पट ऑक्सिजन आहे आणि तो आत शिरायला टपलेला आहे. ट्रेस ऑक्सिजन ॲनालायझरचे, म्हणजे गॅसमधला इतका थोडा ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचे, जवळजवळ सगळे काम या एका गोष्टीभोवती फिरते. डिस्प्लेवरचा आकडा गॅसचा असतो आणि तुमच्या नळीजोडणीचाही. दोन्ही वेगळे करता आले की हे यंत्र हाताळता आले म्हणायचे.

नव्या माणसाला इथे एक प्रश्न हमखास पडतो. लाईनमध्ये ७ बार प्रेशर आहे, गळती असली तर गॅस बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? उत्तर असे, की प्रत्येक वायू आपापल्या आंशिक दाबाकडे, म्हणजे एकूण दाबातल्या स्वतःच्या वाट्याकडे, बघून चालतो. ७ बार गेज म्हणजे वातावरणाचा १ बार मिळवून ८ बार ॲब्सोल्यूट. त्यात १० पीपीएम ऑक्सिजन असेल तर त्याचा आंशिक दाब ०.००००८ बार होतो. बाहेरच्या हवेत तोच सुमारे ०.२ बार आहे. त्यामुळे नायट्रोजन बाहेर पडत असताना त्याच बारीक फटीतून ऑक्सिजन आत येत राहतो. प्लास्टिकच्या नळीला तर फटही लागत नाही, तो सरळ नळीच्या भिंतीतून झिरपतो.

आधी गॅस ओळखा, मग सेल मागवा

सेल म्हणजे ॲनालायझरमधला ऑक्सिजन मोजणारा भाग. आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो गॅल्व्हॅनिक सेल, म्हणजे फ्युएल सेल. आत शिशाचा ॲनोड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे इलेक्ट्रोलाइट आणि तोंडाशी पातळ टेफ्लॉनचा पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत जातो, कॅथोडवर त्याची क्रिया होते, शिसे खर्च होते आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात करंट मिळतो. सेलला बाहेरून वीज लागत नाही. पण शिसे संपले की सेल संपला, हे धरून चालायचे.

नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम, हायड्रोजन यांना हा सेल चालतो. कार्बन डायऑक्साइडला चालत नाही, कारण तो अल्कली इलेक्ट्रोलाइटशी क्रिया करून कार्बोनेट बनवतो आणि सेल काही काळात निकामी होतो. छत्रपती संभाजीनगर परिसरात बिअरचे कारखाने बरेच आहेत आणि आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड गोळा करून पुन्हा वापरण्याची सोय तिथे असू शकते. अशा ठिकाणी आम्लीय इलेक्ट्रोलाइटचाच सेल मागवा. शीतपेय उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकषात पेयासाठीच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनची कमाल मर्यादा ३० पीपीएम आहे. त्यामुळे तिथे ०–१०० पीपीएमची रेंज पुरते.

झिर्कोनियाचा सेल ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून वापरतात. तो टिकाऊ आहे, हवा लागली तरी बिघडत नाही. पण गॅसमध्ये हायड्रोजन किंवा सॉल्व्हंटची वाफ असेल तर ती त्या गरम पृष्ठभागावर ऑक्सिजनसोबत जळते आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येते. औषध कारखान्यात टाकीतल्या द्रवावर नायट्रोजनचा थर (ब्लँकेट) ठेवलेला असतो, तिथे ही चूक होऊ शकते. आकडा सुंदर दिसतो आणि टाकीत ऑक्सिजन असतो. अशा गॅसला झिर्कोनिया लावू नका. हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू गॅल्व्हॅनिक सेलही खराब करतात, बायोगॅसच्या कामात ते आधी काढून टाकावे लागतात.

पुढचा सगळा लेख पीएसए नायट्रोजन प्लांटवरचा (हवेतला ऑक्सिजन शोषून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या प्लांटवरचा) गॅल्व्हॅनिक सेलचा ॲनालायझर समोर ठेवून लिहिला आहे, कारण नव्या फिटरच्या वाट्याला बहुधा तोच येतो.

जागा निवडताना

बऱ्याच गॅल्व्हॅनिक सेलची तापमानाची वरची मर्यादा ४५ ते ५० अंशांच्या आसपास असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४२–४३ अंश होतात. पत्र्याच्या शेडखाली पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या बंद पॅनलमध्ये दुपारी ५५ सहज ओलांडतात. इतक्या उष्णतेत इलेक्ट्रोलाइट सुकते आणि दोन वर्षे चालणारा सेल एका उन्हाळ्यात बसतो. म्हणून उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत बघा, कॉम्प्रेसरच्या गरम हवेच्या झोतापासून दूर राहा, आणि जमलेच तर कंट्रोल रूममध्ये एसीच्या खोलीत बसवा. सॅम्पलची नळी १०–१५ मीटर लांबली तरी चालेल. सेलचे आउटपुट प्रत्येक अंशाला सुमारे २.५ टक्क्यांनी बदलते. यंत्रातला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, ते सावरून घेतो, पण एका बाजूला ऊन लागून सेल आणि थर्मिस्टर वेगवेगळ्या तापमानाला राहिले तर त्यालाही ते जमत नाही.

ॲनालायझर छातीच्या उंचीवर, पुढे उभे राहायला मोकळी जागा ठेवून बसवा. दर वर्षा-दोन वर्षांनी सेल बदलायचा आहे आणि तो मिनिटभरात बदलायचा आहे. शिडीवर चढून ते नीट होत नाही.

व्हेंटचा, म्हणजे मोजून झाल्यावर बाहेर सुटणारा, गॅस बंद खोलीत सोडू नका. ॲनालायझरचा मिनिटाला अर्धा लिटर किरकोळ वाटतो, पण बायपासही सुरू असेल तर लहान खोलीत नायट्रोजन साठत जातो. त्याला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की ती हवा धोक्याची समजतात. ट्रेस ॲनालायझर हे काम करत नाही. तो लाईनमधला ऑक्सिजन बघतो, तुमच्या श्वासातला नाही. खोलीसाठी वेगळा टक्केवारीचा मॉनिटर आणि त्याचा भोंगा लागतोच.

टॅपिंग आणि लाईन

टॅपिंग, म्हणजे सॅम्पल काढायची जोडणी, सर्ज टँकच्या (प्लांटच्या नायट्रोजन साठवण टाकीच्या) पुढे, पाइपच्या वरून किंवा बाजूने घ्या. खालून घेतले की पाणी, गंज आणि कॉम्प्रेसरचे तेल आधी तिकडेच उतरते. टॅपिंगवर एक आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि लगेच त्याच्याजवळ प्रेशर रेग्युलेटर बसवा. रेग्युलेटर ॲनालायझरजवळ ठेवण्याची चूक फार होते, म्हणून हिशेब करून दाखवतो.

पाव इंची स्टीलच्या नळीचा आतला व्यास सुमारे ४.६ मिमी. अशा १० मीटर नळीत साधारण १६५ मिली गॅस मावतो. फ्लो मिनिटाला अर्धा लिटर असेल आणि नळीत जवळजवळ वातावरणाइतकाच दाब असेल, तर एक भरणा २० सेकंदांत सरकतो. पण रेग्युलेटर पलीकडच्या टोकाला असेल आणि नळीत ७ बार राहिले, तर त्याच नळीत आठपट गॅस कोंबलेला असतो. तो सरकायला अडीच मिनिटांहून जास्त लागतात. प्लांटची प्युरिटी घसरल्याचे तुम्हाला अडीच मिनिटे उशिरा कळते आणि तोवर खराब गॅस भट्टीत पोहोचलेला असतो. म्हणून दाब टॅपिंगपाशीच १ ते १.५ बारवर आणा.

रेग्युलेटर धातूच्या डायफ्रॅमचाच हवा. वेल्डिंगच्या सेटमधला रबरी डायफ्रॅमचा रेग्युलेटर इथे लावला तर रबरातून ऑक्सिजन आत येत राहतो आणि आकडा कधीच खाली उतरत नाही.

नळी एसएस ३१६ ची, शक्यतो अखंड. नायलॉन, पीयू (पॉलियुरेथेन), सिलिकॉन, टेफ्लॉन यांपैकी काहीही सेलच्या आधी नको. निळी पीयू नळी स्टोअरमध्ये कायम असते आणि हात पटकन तिच्याकडे जातो, तो आवरा. एक मीटर पीयूसुद्धा कमी पीपीएमचे रीडिंग बिघडवायला पुरे. सेलच्या पुढे, म्हणजे व्हेंटच्या बाजूला, प्लास्टिक चालते. हाच नियम रोटामीटरला, म्हणजे फ्लो दाखवणाऱ्या नळीला, लावा. फ्लो कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह सेलच्या आधी आणि रोटामीटर सेलच्या नंतर. ॲक्रिलिकच्या रोटामीटरमधून, त्याच्या ओ-रिंगमधून जी काही हवा शिरेल ती सेल ओलांडून गेलेल्या गॅसमध्ये शिरेल, रीडिंगला धक्का लागणार नाही.

एकूण क्रम असा: टॅपिंग, आयसोलेशन व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, तेल-पाण्यासाठी कोअलेसिंग फिल्टर, धुळीसाठी सिंटर्ड स्टीलचा फिल्टर, सॅम्पल आणि स्पॅन गॅस (कॅलिब्रेशनसाठीचा, ऑक्सिजनचे प्रमाण माहीत असलेला गॅस) यांच्यासाठी थ्री-वे व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, सेल, रोटामीटर, व्हेंट व्हॉल्व्ह, व्हेंट. फिल्टर गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. त्याच्या भांड्यात अडकलेली हवा धुऊन निघायला तास तास जातात.

नट आवळण्याची रीत

हे जवळून बघा, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते. नळी ट्यूब कटरने कापा. हॅकसॉने कापलेली नळी तिरपी होते आणि कीस आत पडतो. कापलेल्या तोंडाची आतली-बाहेरची धार डिबरिंग टूलने काढा आणि कोरड्या, तेल नसलेल्या नायट्रोजनची फुंकर मारा. नळी फिटिंगमध्ये सरळ घाला आणि ती आतल्या खांद्याला टेकल्याचे बोटांना जाणवेपर्यंत ढकला. नट हाताने घट्ट करा. आता मार्करने नटावर घड्याळातल्या सहाच्या जागी एक रेघ ओढा. फिटिंगचा बॉडी दुसऱ्या पान्याने धरा आणि नट सव्वा फेरा फिरवा. रेघ एकदा पूर्ण फिरून सहावर येईल आणि पुढे नऊवर थांबेल. तिथेच थांबायचे. पाव इंची डबल फेरूल फिटिंगचा (नट आवळला की नळीला घट्ट धरणाऱ्या दोन कड्यांच्या फिटिंगचा) हा नेहमीचा हिशेब आहे. "अजून थोडं आवळू" म्हणून दिलेला जादा अर्धा फेरा फेरूल दाबून टाकतो आणि तो जॉइंट पुन्हा उघडला की कधीच नीट बसत नाही. एकदा बसलेला जॉइंट उघडून परत लावताना नट आधीच्या जागेपर्यंत आणायचा आणि पान्याने जरासा कसायचा, सव्वा फेरा पुन्हा द्यायचा नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांचे नट, फेरूल आणि बॉडी एकत्र करू नका, दिसायला एकसारखे असले तरी. एनपीटी, म्हणजे निमुळत्या, चुडीचे जॉइंट जितके कमी तितके बरे. जिथे टाळता येत नाहीत तिथे पहिली चुडी मोकळी सोडून टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. टेपच्या थरांत अडकलेली हवा दिवसभर थोडीथोडी सुटत राहते, नव्या लाईनचे रीडिंग हळूहळू उतरण्याचे हेही एक कारण असते.

वीज आणि सिग्नल

सप्लाय यूपीएसवरून द्या. सिग्नल केबल शिल्डेड ट्विस्टेड पेअर, शिल्डचे अर्थिंग फक्त पॅनलच्या टोकाला. मोटर आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलच्या ट्रेमधून ती नेऊ नका. जालन्याच्या स्टील पट्ट्यात इंडक्शन फर्नेसच्या शेजारी हा नियम मोडला तर आकडा फर्नेसच्या लोडबरोबर नाचताना दिसेल.

४–२० मिलीॲम्पिअरची रेंज ॲनालायझर आणि पीएलसी (त्याचा सिग्नल घेणारा कंट्रोलर) दोन्हीकडे एकच आहे का ते बघा. ०–१०० पीपीएम असेल तर १० पीपीएमला ५.६ आणि २० पीपीएमला ७.२ मिलीॲम्पिअर यायला हवे. ॲनालायझर ऑटो रेंजवर सोडला आणि पीएलसी एकाच रेंजवर राहिला तर कंट्रोल रूममधला आकडा दहापट चुकतो. ऑटो रेंज असली तरी आउटपुट एका रेंजवर बांधून ठेवा. अलार्म रिले फेल-सेफ जोडा, म्हणजे सर्व ठीक असताना रिले ओढलेला आणि वीज गेली की अलार्म. मर्यादा १० पीपीएमची असेल तर पहिला अलार्म ७ ला द्या, ऑपरेटरला काही करायला वेळ मिळतो. दुसरा १० ला, आणि त्यावर खराब गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह.

सेल बसवताना

सेल नायट्रोजन भरलेल्या बंद पिशवीत येतो. पिशवी शेवटच्या क्षणापर्यंत फोडायची नाही.

१. सेल न बसवता, हाउसिंग बंद ठेवून, लाईन नायट्रोजनने तासभर धुवा. हायड्रोजनसारखा ज्वलनशील गॅस असेल तर ही सगळी कामे सिलिंडरच्या नायट्रोजनवर करा.

२. फ्लो मिनिटाला १ लिटर ठेवून हाउसिंग उघडा. गॅस चालूच राहू द्या.

३. पिशवीतल्या सेलभोवती ओल दिसते का बघा. दिसली तर तो सेल वापरू नका, इलेक्ट्रोलाइट गळले आहे आणि ते कातडी जाळते.

४. पिशवी कापा, शॉर्टिंग क्लिप काढा, पडद्याला बोट न लावता सेल आत ठेवा, ओ-रिंग जागेवर बघून हाउसिंग हाताने घट्ट करा. हे सगळे मिनिटभराच्या आत.

५. फ्लो ०.५ लिटरवर आणा. रीडिंग सुरुवातीला टक्क्यांत असेल, मग हजारांत, मग शेकड्यांत येईल. शेवटचे दहा-वीस पीपीएम उतरायला रात्र जाते. या वेळेत कॅलिब्रेशन करू नका, कशालाही हात लावू नका. चोवीस तासांनी या.

व्हॉल्व्ह उघडण्याचा क्रम पाठच करून ठेवा. सुरू करताना आधी व्हेंट, मग इनलेट. बंद करताना आधी इनलेट, मग व्हेंट. उलटे केले तर व्हेंट बंद असताना लाईनचा पूर्ण दाब पडद्यावर येतो आणि सेल फाटतो. हा क्रम पॅनलच्या दारावर मराठीत लिहून चिकटवा. रात्रपाळीचा माणूस मॅन्युअल उघडत बसणार नाही.

रीडिंग खरे की लाईनचे?

साबणाच्या पाण्याने मोठी गळती सापडते. पण हिशेब बघा: मिनिटाला ५०० मिली सॅम्पल असेल तर रीडिंग १० पीपीएमने वाढायला मिनिटाला ०.००५ मिली ऑक्सिजन पुरतो, म्हणजे ०.०२४ मिली हवा. एवढ्याने बुडबुडा दिसत नाही. इथे फ्लो बदलून बघायची युक्ती कामाला येते.

०.५ लिटर फ्लोवर स्थिर रीडिंग घ्या. समजा १२ पीपीएम आले. आता फ्लो १ लिटर करा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. समजा ७ पीपीएम आले. गॅस तोच, तर मग आकडा का पडला? कारण आत शिरणारी हवा तेवढीच राहिली आणि ती दुप्पट गॅसमध्ये विरघळली. हवेचा वाटा निम्मा झाल्यावर आकडा ५ ने उतरला, म्हणजे आधी हवेचा वाटा १० होता आणि गॅस प्रत्यक्षात २ पीपीएमचा आहे. प्लांट उत्तम चालू आहे, दोष तुमच्या जोडणीत आहे. फ्लो दुप्पट करूनही आकडा हलला नाही तर लाईन घट्ट आहे आणि दोष प्लांटकडे शोधायचा. पीएसएवाल्याला फोन करण्याआधी, मॉलिक्युलर सीव्हला (प्लांटमधल्या शोषक दाण्यांना) दोष देण्याआधी, ही वीस मिनिटांची चाचणी केलीच पाहिजे.

लाईन गळते हे ठरले की एकेक जॉइंट शोधायचा. सिलिंडरचा शुद्ध नायट्रोजन आधी सेलच्या अगदी जवळ जोडा, मग एक टप्पा मागे, मग आणखी मागे. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल त्याच्या अलीकडच्या जोडात दोष.

फ्लो ०.२ लिटरखाली गेला तर हवा व्हेंटमधूनही उलटी सरकते. व्हेंटची नळी एक-दीड मीटर ठेवा, तिचे तोंड उघडे आणि खाली वळवलेले, आणि ती दुसऱ्या कुठल्या दाबाच्या व्हेंट हेडरला जोडू नका.

कॅलिब्रेशन

गॅल्व्हॅनिक सेल टक्केवारी मोजत नाही, आंशिक दाब मोजतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६–७ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत किंवा किनाऱ्यावरच्या कुठल्या कार्यशाळेत कॅलिब्रेट करून आणलेला ॲनालायझर इथे तेवढाच कमी दाखवतो. म्हणून कॅलिब्रेशन जागेवरच करा. नांदेड त्याहून सखल आहे, तिथे फरक कमी पडेल, पण पद्धत तीच.

काही यंत्रांत हवेवर स्पॅन करायची, म्हणजे हवेतला माहीत ऑक्सिजन दाखवून आकडा जुळवायची, सोय असते. तशी केली तर कोरडी इन्स्ट्रुमेंट एअर वापरा. श्रावणातल्या दमट दिवशी, २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, बाफेमुळे हवेतला ऑक्सिजन २०.३ टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. शिवाय ट्रेस सेलला हवा दाखवली की तो पुन्हा खाली यायला तास लागतात आणि त्याचे आयुष्यही खर्च होते. पीपीएमच्या कामाला पीपीएमचाच स्पॅन गॅस बरा.

०–१०० रेंजसाठी नायट्रोजनमध्ये ८० पीपीएम ऑक्सिजनचे मिश्रण घ्या, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये, कारण लोखंडी सिलिंडरच्या आतला गंज थोडा ऑक्सिजन खातो. सोबत एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत सिलिंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला सुमारे १५०० लिटर गॅस असतो. एका कॅलिब्रेशनला अर्धा लिटरने अर्धा तास, म्हणजे १५ लिटर लागतात. महिन्यातून एकदा वापरला तरी गॅसआधी मुदत संपते, त्यामुळे गॅस वाचवण्यासाठी पर्ज करणे (आतली हवा गॅसने धुऊन काढणे) टाळू नका.

आणि पर्ज नेमके किती वेळा करायचे, याचाही हिशेब आहे. नव्याने जोडलेल्या रेग्युलेटरमध्ये साधी हवा असते, २,०९,००० पीपीएमची. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून रेग्युलेटर ५ बार गेजपर्यंत भरा, म्हणजे ६ बार ॲब्सोल्यूट. व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब सोडून शून्यावर आणा. आतल्या हवेचा सहावा हिस्सा उरला. असे पाच वेळा केले तर २७ पीपीएम उरतात, आणि ८० च्या गॅसमध्ये ही चूक फार मोठी आहे. सात वेळा केले तर १ पीपीएमपेक्षा कमी उरते. म्हणून सात वेळा. मोजून. सिलिंडरचा व्हॉल्व्ह दर वेळी पूर्ण बंद करूनच दाब सोडा, नाहीतर रेग्युलेटरमधली हवा सिलिंडरमध्ये मागे सरकते आणि महागाचा गॅस खराब होतो.

मग थ्री-वे व्हॉल्व्ह स्पॅनकडे वळवा, फ्लो सॅम्पलइतकाच ठेवा, आकडा पाच मिनिटे जागेवर थांबल्यावरच स्पॅन सेट करा. सेट करण्याआधीचे रीडिंग लॉगबुकात लिहा, हे सर्वात मोलाचे आहे. दर महिन्याला ८० च्या गॅसवर ७९, ७८, ७८, ७६, ७१ असे उतरत असेल तर सेल संपत आला आणि नवा मागवायची वेळ झाली. फक्त "कॅलिब्रेशन ओके" लिहिलेल्या लॉगबुकातून हे कळत नाही. झिरो कॅलिब्रेशन (शून्याचा बिंदू ठरवणे) १–२ पीपीएमच्या खालचे मोजायचे असेल तरच करा, तेही ऑक्सिजन शोषणाऱ्या फिल्टरमधून गेलेल्या गॅसवर. एरवी झिरोला हात लावू नका. गळकी लाईन झिरोने झाकली जाते आणि तो दोष मग सापडत नाही.

रोजचे काम आणि लाईट गेल्यावर

पाळी सुरू होताना फ्लो, रीडिंग, लाईनचे प्रेशर आणि पॅनलचे तापमान लिहा. कोअलेसिंग फिल्टरचे पाणी पावसाळ्यात रोज, इतर वेळी आठवड्यातून काढा. महिन्यातून एकदा फ्लो दुप्पट करायची चाचणी आणि कॅलिब्रेशन. धुळीचा फिल्टर उन्हाळा संपला की बदला.

लाईट गेली की पीएसए बंद पडतो, पण ॲनालायझर यूपीएसवर चालू राहतो आणि हळूहळू लाईनमध्ये हवा येते. प्लांट परत सुरू झाला की पहिला बराच वेळ त्यातून टक्क्यांतला ऑक्सिजन येतो आणि तो थेट सेलवर जातो. दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या ठिकाणी असे वर्षभर चालले तर सेल अर्ध्या आयुष्यात संपतो. उपाय स्वस्त आहे: प्लांटच्या स्टार्ट सिग्नलवर टायमर आणि इनलेटला वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. प्लांट बंद होताच तो बंद होईल आणि प्लांट सुरू झाल्यावर ठरलेल्या वेळेनंतरच उघडेल. त्या वेळेत प्लांटचा गॅस बाहेर सुटत असावा. थांबा लांबला तर व्हेंट व्हॉल्व्हही हाताने बंद करा, म्हणजे सेलभोवती नायट्रोजन कोंडून राहील. मात्र व्हेंट हाताने बंद केल्यावर टायमरचे स्विच 'बंद'वर ठेवा आणि पाटी लावा, नाहीतर लाईट आल्यावर सोलेनॉइड उघडेल आणि बंद व्हेंटवर दाब येईल.

आकडा असा का येतोय?

रीडिंग शून्यावर किंवा नेहमीपेक्षा खूप खाली चिकटले असेल तर खूश होऊ नका. गॅल्व्हॅनिक सेल मरताना त्याचा करंट कमी होतो आणि आकडा खाली जातो, म्हणजे गॅस फार चांगला आहे असे दिसते. याच कारणाने खराब नायट्रोजनवर भट्टी चालते आणि माल काळा पडल्यावर सगळे जागे होतात. शंका आली की लगेच स्पॅन गॅस द्या. ८० च्या जवळ पोहोचला नाही तर सेल गेला.

दुपारी वाढते आणि पहाटे उतरते: कुठेतरी प्लास्टिकची नळी किंवा रबरी डायफ्रॅम आहे, उन्हात त्यातून जास्त ऑक्सिजन झिरपतो. किंवा पॅनलवर ऊन येते.

दर मिनिटाच्या आसपास एकसारखी लाट येते: पीएसएचे टॉवर बदलताना दाब हलतो. रेग्युलेटर लहान आहे किंवा बिघडला आहे.

सेल बदलला आणि दोन दिवसांनीही आकडा १०० च्या खाली येत नाही: हाउसिंगची ओ-रिंग चिमटली आहे का ते आधी बघा, मग सेलला दोष द्या. आकडा उणे जातो: झिरो चुकीच्या वेळी केलेला आहे, फॅक्टरी झिरोवर परत जा.

जुना सेल

जुन्या सेलमध्ये शिसे आणि अल्कली आहे. तो भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका. हातमोजे घालून काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, तारीख लिहा आणि घातक कचऱ्याच्या ड्रममध्ये ठेवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या यंत्रणेकडेच द्यायचा असतो. हाउसिंगमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल गळला आहे. डीआयनाइज्ड पाण्यात भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि कोरड्या नायट्रोजनने पूर्ण वाळवा. संपर्काच्या पिना काळ्या पडल्या असतील तर हाउसिंगच बदला. अल्कली कातडीला लागली तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, डोळ्यात गेली तर पंधरा मिनिटे पाणी मारत राहा आणि दवाखाना गाठा.

सेल स्टोअरमध्ये एकाहून जास्त साठवू नका, पिशवीतही तो म्हातारा होत असतो. मागवताना पिशवीवरची उत्पादनाची तारीख विचारा आणि स्टोअरकीपरला तो ऊन न लागणाऱ्या कपाटात ठेवायला सांगा.